शहरातल्या छपरावरून ग्रहणं आणि पिधानं: सतराव्या शतकातले लोक वेळ कशी पकडायचे?

विचारलंय असं की सोळा-सतराव्या शतकातले खगोल अभ्यासक भर शहरात राहून, घराच्या छपरावरून किंवा खिडकीतून ग्रहणं आणि चंद्राची पिधानं (चंद्र एखाद्या ताऱ्याला झाकतो ते) कशी बघायचे, घड्याळं धड नसताना वेळ कशी घ्यायचे, आणि त्या नोंदींवर आज किती विश्वास ठेवायचा. मी स्वतः शहरातल्या टेरेसवरून पिधानं टाइम करतो आणि जुन्या नोंदी उकलून आजच्या गणिताशी ताडून बघायचा नाद बऱ्याच वर्षांपासून आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी एक गैरसमज काढू. लोकांना वाटतं की शहरातून निरीक्षण म्हणजे नाइलाज, खरा अभ्यासक डोंगरावर जाणार. धूमकेतू किंवा अंधुक तेजोमेघांसाठी हे खरंय. ग्रहण आणि पिधानात मात्र अंधाऱ्या आकाशाचा फार उपयोगच नाही, कारण चंद्र स्वतःच आकाश उजळून टाकतो. इथे लागतं काय तर वेळ मोजायची सोय, भिंग आणि पितळेचं काम करणारे कारागीर, छापखाना, नियमित टपाल, आणि दुसऱ्या शहरात तेच ग्रहण बघणारा एखादा ओळखीचा माणूस. हे सगळं शहरातच मिळायचं. एकट्या माणसाच्या एका नोंदीला फारशी किंमत नव्हती, दोन शहरांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की त्यांच्या रेखांशातला फरक मिळायचा आणि नकाशावाल्यांना तोच हवा असायचा.

डांझिगचा (आत्ताचं पोलंडमधलं ग्दान्स्क) योहानेस हेवेलियस हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. जन्म 1611 चा, धंदा बिअर गाळायचा, शहराच्या कारभारातही होता, म्हणजे दिवसा भट्टी आणि नगरपालिका आणि रात्री आकाश. त्याचा गुरू पेटर क्रूगर 1639 मध्ये मरणाच्या दारात होता, त्याने याला सांगितलं की येणारं सूर्यग्रहण चुकवू नकोस, आणि 1 जून 1639 चं ते ग्रहण बघितल्यावर हा गडी परत खगोलाकडे वळला तो कायमचाच. पुढे त्याने आपल्या एकमेकांना लागून असलेल्या घरांच्या छपरांवर मोठा प्लॅटफॉर्म बांधून घेतला, त्यावर क्वाड्रंट, सेक्स्टंट (दोन्ही कोन मोजायची यंत्रं), टेलिस्कोप, आणि निरीक्षणाला सोबत दुसरी बायको एलिझाबेथ, जी स्वतः पक्की निरीक्षक होती. 1679 च्या सप्टेंबरमध्ये आग लागून ती वेधशाळा जळाली, छापून तयार असलेल्या पुस्तकांच्या प्रतीही त्यात गेल्या. शहराच्या दाट वस्तीत लाकडी प्लॅटफॉर्म बांधायचा म्हणजे हा धोका होताच. पॅरिसमध्ये इस्माएल बुलियो एका मोठ्या ग्रंथसंग्रहाच्या वाड्यात राहून निरीक्षणं करायचा, आणि नंतर अठराव्या शतकात शार्ल मेसिए तर लॅटिन क्वार्टरमधल्या क्लूनी वाड्याच्या बुरुजावर आयुष्यभर बसला. त्याची तेजोमेघ-तारकागुच्छांची यादी आपण सगळे वापरतो, पण ग्रहणं आणि पिधानंही त्याने तिथूनच घेतली हे फार जणांना माहीत नसतं.

आता मोजायचे काय ते. पंचांगात ग्रहणाचे स्पर्श (सुरुवात), संमीलन (पूर्ण झाकलं जाणं), मध्य, उन्मीलन (पुन्हा उघडू लागणं), मोक्ष (शेवट) असे टप्पे देतात ना, तेच. चंद्रग्रहणाची सोय अशी की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते तो क्षण सगळ्या जगाला एकच, म्हणजे डांझिगमध्ये आणि पॅरिसमध्ये स्पर्श एकाच वेळी होतो, फक्त दोन्हीकडची स्थानिक वेळ वेगळी असते. फरक जवळपास 65 मिनिटं आला तर रेखांशात सव्वासोळा अंशाचं अंतर, कारण 4 मिनिटांना 1 अंश. ऐकायला एकदम सोपं. घोळ असा की सावलीची कड धारदार नसते. उपच्छाया (बाहेरची फिकी सावली) कुठे संपली आणि गडद छाया कुठे सुरू झाली हे शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांना वेगवेगळं दिसतं, आणि चंद्र साधारण तासाला अर्धा अंश सरकतो, म्हणजे कडेबद्दल एक कला (अंशाचा साठावा भाग) जरी मतभेद झाला तरी वेळेत 2 मिनिटांचा फरक पडला आणि रेखांशात अर्धा अंश गेला.

म्हणून त्यांनी युक्ती काढली की नुसता स्पर्श आणि मोक्ष न घेता सावली चंद्रावरच्या एकेका विवराला कधी शिवते आणि कधी सोडते ते लिहायचं, म्हणजे एका रात्रीत दोनाऐवजी वीस-तीस टायमिंग मिळतात आणि त्यांची सरासरी घेता येते. पण त्यासाठी दोघांकडे चंद्राचा एकच नकाशा पाहिजे, नाहीतर तू कुठला डाग म्हणतोस आणि मी कुठला. दक्षिण फ्रान्समधल्या एक्स शहराचा पेरेस्क हा विद्वान याच खटपटीत होता. 1635 च्या ऑगस्टमधल्या चंद्रग्रहणासाठी त्याने रोम, कैरो, अलेप्पो अशा ठिकाणच्या ओळखीच्या लोकांना आणि मिशनऱ्यांना सूचना धाडल्या, नोंदी मागवल्या, आणि त्यातून निघालं काय तर नकाशांवरचा भूमध्य समुद्र खऱ्यापेक्षा सुमारे 1000 किलोमीटर लांब काढलेला होता! मिशनरी काही सराईत निरीक्षक नव्हते, तरी इतकी मोठी चूक पकडायला तेवढी अचूकता पुरली. पेरेस्क आणि त्याचा मित्र, खगोल अभ्यासक गॅसेंडी यांनी क्लोद मेलाँ या चित्रकाराकडून चंद्राची चित्रं कोरून घेतली होती, पण 1637 मध्ये पेरेस्क गेला आणि तो बेत अर्धवट राहिला. मग 1647 मध्ये हेवेलियसचा चंद्रनकाशांचा ग्रंथ आला. त्यात आपण ज्याला टायको म्हणतो ते विवर माउंट सिनाय आहे, कोपर्निकस म्हणजे एटना, आणि प्लेटो म्हणजे मोठं काळं सरोवर. 1651 मध्ये बोलोन्याच्या रिचोली या जेझुइट (एका ख्रिस्ती संघाच्या) पाद्र्याने दिलेली नावं पुढे रुळली, आपण तीच वापरतो. जुनी नोंद वाचताना कुठली नावं चालली आहेत ते आधी बघा, नाहीतर सावली सिनायवर पोचली असं वाचून तुम्ही चंद्र सोडून इजिप्तचा नकाशा उघडाल.

पिधानाची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त मजेची. तारा म्हणजे बिंदू, चंद्राला वातावरण नाही, त्यामुळे चंद्राच्या काळोख्या कडेमागे तारा जातो तेव्हा तो मावळत नाही, गायब होतो. आहे, आहे, नाही. पहिल्यांदा बघणारा माणूस दचकतोच. 1753 मध्ये बोस्कोविच या शास्त्रज्ञाने चंद्राला वातावरण नसल्याचा युक्तिवाद केला त्यातही हे अचानक गायब होणं होतं. चंद्र सेकंदाला साधारण अर्धी विकला (कलेचा साठावा भाग म्हणजे विकला) सरकतो, म्हणजे वेळ एका सेकंदापर्यंत नीट घेतली तर चंद्राची जागा अर्ध्या विकलेपर्यंत कळली, आणि त्या काळच्या कुठल्याही पितळी यंत्राने कोन मोजून हे जमलं नसतं. नुसतं डोळा आणि घड्याळ! चंद्राच्या वाटेवर पहिल्या प्रतीचे तारे चारच, रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा, आणि शिवाय कृत्तिकांचा पुंजका, ज्यातून चंद्र गेला की एका रात्रीत ओळीने पिधानं मिळतात. चंद्राला सत्तावीस बायकांमध्ये रोहिणीच लाडकी अशी आपली कथा आहे, युरोपातल्या लोकांच्या वह्यांमध्येही रोहिणीची पिधानं ठळक असतात, कारण तेजस्वी तारा असल्यामुळे ती उजळ कडेलाही दिसते. बाकीच्यांसाठी शुक्ल पक्ष हवा, तेव्हा पुढची कड काळोखी असते. तारा परत बाहेर येतानाचं टायमिंग मात्र अवघड, कारण कुठल्या जागी उगवणार ते आधी माहीत नसतं, तुम्ही वर बघत असता आणि तो खाली आलेला असतो. जुन्या वह्यांमध्ये अशी नोंद असेल तर ती उशिराची धरायची, लवकरची सहसा नसते.

आता मुख्य मुद्दा, वेळ. सगळे जण टेलिस्कोप केवढा होता ते विचारतात, पण 1657 च्या आधी, म्हणजे लंबकाचं घड्याळ येईपर्यंत, खरी अडचण घड्याळाची होती. यांत्रिक घड्याळं दिवसाला पाच-दहा मिनिटं सहज इकडेतिकडे व्हायची, त्यामुळे शहाणा निरीक्षक घड्याळावर भरवसा ठेवायचाच नाही. तो करायचा काय, तर ज्या क्षणी ग्रहणाचा टप्पा किंवा पिधान होई त्याच क्षणी मदतनीस एखाद्या ओळखीच्या ताऱ्याचे क्षितिजापासूनचे उन्नतांश (अंशांतली उंची) क्वाड्रंटने मोजायचा, आणि नंतर निवांत बसून गोलीय त्रिकोणमितीने त्यावरून वेळ काढायची. म्हणून त्यांच्या नोंदींमध्ये तास-मिनिटांच्या शेजारी अमुक ताऱ्याचे उन्नतांश इतके अंश इतक्या कला असा रकाना असतो, आणि खरी नोंद तीच आहे, वेळ हा त्यावरून काढलेला हिशोब. चूक हिशोबात असेल तर आजही उन्नतांश घेऊन पुन्हा वेळ काढता येते, मी तर आधी तेच करतो.

यात एक बारकी गोष्ट आहे. तारा पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर उन्नतांश भराभर बदलतात, याम्योत्तर वृत्ताजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ) असेल तर जवळपास बदलतच नाहीत. डांझिगचा अक्षांश सुमारे 54 अंश, तिथे अगदी अनुकूल ताऱ्याचेही उन्नतांश मिनिटाला पावणेनऊ कलाच बदलतात, म्हणजे क्वाड्रंट 1 कला चुकला की वेळ 7 सेकंद चुकली. पुण्यात बसून हेच केलं असतं तर 4 सेकंदांवर भागलं असतं! तेव्हा निरीक्षकाने कुठला तारा निवडला यावरूनच त्याला धंदा कळत होता की नाही ते समजतं. दक्षिणेला माथ्यावर आलेल्या ताऱ्यावरून कोणी वेळ काढली असेल तर ती नोंद मी बाजूला ठेवतो.

आणि मदतनीस पाहिजेच. 7 नोव्हेंबर 1631 ला गॅसेंडी पॅरिसमध्ये बुधाचं अधिक्रमण (बुध सूर्यबिंबावरून सरकतो ते) बघत होता, हे ग्रहण नव्हे पण पद्धत तीच. अंधाऱ्या खोलीत टेलिस्कोपमधून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पडद्यावर पाडलेली, आणि ठरलेलं असं की त्याने पाय आपटला की खालच्या खोलीतल्या माणसाने सूर्याचे उन्नतांश घ्यायचे. बुध इतका बारीक दिसला की याला आधी तो सौरडागच वाटला, आणि खात्री पटून पाय आपटला तर खालचा माणूस जागेवर नाही. शेवटी बुध बाहेर पडायच्या आत तो सापडला म्हणून निदान शेवटची वेळ मिळाली. ज्याने कुणी ग्रुपने निरीक्षण केलंय त्याला हे नवीन नाही.

रिचोलीने वेगळाच मार्ग धरला, लंबकाची आंदोलनं मोजायची. 1642 च्या एप्रिलमध्ये त्याने नऊ जेझुइट बसवून चोवीस तास एका लंबकाचे हेलकावे मोजून घेतले, 86,400 यायला हवे होते ते 87,998 आले, म्हणजे लंबक थोडा आखूड. मग पुन्हा दुरुस्ती, पुन्हा मोजणी. असा लंबक हातात असला की पिधानापासून ताऱ्याचे उन्नतांश घेईपर्यंत किती सेकंद गेले ते मोजता येतं आणि सगळं एकाच क्षणी करायची घाई राहत नाही. मग डच शास्त्रज्ञ हायगेन्सने लंबकाचं घड्याळ केलं आणि दिवसाची चूक मिनिटांवरून काही सेकंदांवर आली. 1676 मध्ये ग्रीनिचच्या वेधशाळेत टॉम्पियन या घड्याळजीची दोन घड्याळं बसली, त्यांचे लंबक 13 फूट लांब, एक ठोका 2 सेकंदांचा. तरीसुद्धा चांगलं घड्याळ फक्त मधला काळ नीट सांगतं, ते लावायचं आकाशावरूनच: सकाळी सूर्य एका उंचीवर असताना घड्याळातली वेळ लिहायची, दुपारनंतर तो बरोबर त्याच उंचीवर उतरला की पुन्हा लिहायची, दोन्हींचा मध्य म्हणजे माध्यान्ह, बारीकशी दुरुस्ती करून. ग्रहणाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी हे केलेलं असेल तर डोळे झाकून विश्वास ठेवा.

सूर्यग्रहणात डोळा वाचवायचा म्हणून प्रतिमा पाडून बघायची. केप्लरने 10 जुलै 1600 ला ग्राझच्या भर बाजारात छिद्राचं यंत्र मांडून खंडग्रास सूर्यग्रहण मोजलं, आणि तो त्यात गुंग असताना कोणीतरी त्याची 30 फ्लोरिनची थैली लांबवली. पण त्या दिवशीच्या खटपटीतून मोठं काम झालं. टायको ब्राहेला सूर्यग्रहणात चंद्र नेहमीपेक्षा लहान भरायचा आणि कारण कळत नव्हतं. केप्लरने दाखवलं की छिद्राला स्वतःची रुंदी असते, त्यामुळे सूर्याची उजळ कड बाहेर पसरते आणि चंद्राचा काळा भाग आतून कुरतडला जातो, ती रुंदी वजा केली की चंद्र पुन्हा जागच्या जागी. छिद्राने घेतलेल्या जुन्या ग्रासमानाच्या (किती भाग झाकला त्याच्या) आकड्यांना ही दुरुस्ती केली आहे की नाही हे बघितल्याशिवाय हात लावू नका.

शहराचा खरा फायदा लंडनला 1715 मध्ये दिसला. 3 मे 1715 ला (इंग्लंडच्या तेव्हाच्या कॅलेंडरने 22 एप्रिल) खग्रास सूर्यग्रहण होतं आणि एडमंड हॅलीने आधीच इंग्लंडचा नकाशा छापून त्यावर सावलीचा पट्टा काढला, लोकांना विकला, आणि सांगितलं की घाबरू नका, खग्रास किती वेळ टिकतं ते लंबकाच्या घड्याळावर मोजून कळवा. स्वतः तो रॉयल सोसायटीच्या क्रेन कोर्टमधल्या वास्तूत थांबला, तिथे खग्रास 3 मिनिटं 22 सेकंद भरलं. वेळेचं भाकित सुमारे 4 मिनिटांनी आणि पट्ट्याची कड काही मैलांनी चुकली, पण देशभरातून आलेल्या पत्रांवरून त्याने पट्टा सुधारून पुन्हा छापला. या पत्रांची मजा अशी की शास्त्र न शिकलेल्या माणसाने नुसतं आमच्या गावात पूर्ण अंधार झाला आणि पलीकडच्या गावात बारीक कड राहिली असं लिहिलं तरी ते सोनं आहे, कारण पट्ट्याची कड त्या दोन गावांच्या मधून गेली हे घड्याळाशिवाय सिद्ध झालं. उलट केंब्रिजला रॉजर कोट्ससारखा जाणकार, आकाश निरभ्र, आणि हॅली लिहितो की भोवती माणसांची इतकी गर्दी झाली की ग्रहणाची सुरुवातही हुकली आणि खग्रासाचीही. टेरेसवर सोसायटीतली मंडळी जमली की माझंही असंच होतं, म्हणून मी आता आधीच दाराला कडी लावतो.

आपल्याकडचा जोडही खरा आहे. सवाई जयसिंगाने दिल्लीत, नंतर जयपुरात दगडी यंत्रं बांधली, आणि 1720 च्या दशकाच्या अखेरीस पाद्री फिगेरेदोबरोबर आपली माणसं गोव्यामार्गे पोर्तुगालला पाठवली. ती पॅरिसच्या ला हीर या खगोलज्ञाची (सूर्य-चंद्र-ग्रहांच्या जागा काढायची) कोष्टकं घेऊन आली. जयसिंगाच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिलंय की त्यावरून चंद्राची जागा अर्ध्या अंशाने आणि ग्रहणाच्या वेळा पाव घटकेने, म्हणजे 15 पळांनी चुकतात. 15 पळं म्हणजे 6 मिनिटं. पॅरिसची छापील कोष्टकं त्याने नुसती मानली नाहीत, ग्रहणावर तपासली, आणि माझ्या दृष्टीने त्याच्या वेधशाळेचं मोठेपण दगडांपेक्षा यात जास्त आहे.

मग विश्वास किती ठेवायचा? अमेरिकेतला खगोलज्ञ सायमन न्यूकॉम 1871 मध्ये पॅरिस वेधशाळेत गेला, बाहेर कम्यूनची (शहरातल्या बंडाची) धामधूम चालू, आणि हा आत 1675 पासूनच्या जुन्या पिधानांच्या नोंदी चाळत बसलेला. त्याला चंद्राची गती तपासायची होती, आणि 1750 च्या मागे जाणारा धड डेटा तोपर्यंत कुणाकडे नव्हता. गॅसेंडी, बुलियो, हेवेलियस, सगळ्यांची टायमिंग त्याने पुन्हा गणित करून वापरली. त्यातून चंद्र कोष्टकाप्रमाणे वागत नाही असं दिसलं, आणि शंका आली की चूक चंद्राची नसून आपल्या घड्याळाची, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याची असेल. 1939 मध्ये खगोलज्ञ स्पेन्सर जोन्सने ते पक्कं केलं. आज पृथ्वीच्या परिवलनातला जुना चढउतार काढायचा तर टेलिस्कोप आल्यापासूनचा मुख्य आधार हीच पिधानं आहेत, म्हणजे त्या लोकांनी रेखांशासाठी घेतलेली वेळ भलत्याच कामाला आली. हॅलीने तर 1718 मध्ये अथेन्सहून इसवी सन 509 ला दिसलेल्या रोहिणीच्या पिधानाचा दाखला देऊन तारे स्वतः सरकतात हे मांडलं.

तुम्हाला स्वतः एखादी नोंद उकलायची असेल तर तारीख ज्युलियन (जुन्या) कॅलेंडरची की ग्रेगोरियन (आजच्या) ते आधी बघा. मग दिवस कुठून सुरू होतो ते, कारण खगोलवाले माध्यान्हापासून तास मोजायचे, त्यांचे 14 तास म्हणजे आपल्या दुसऱ्या तारखेचे पहाटेचे दोन. इटलीतला असेल तर सूर्यास्तापासून मोजलेलेही असू शकतात. वेळ बहुतेक वेळा सूर्याची स्पष्ट वेळ (सूर्य प्रत्यक्ष दिसतो त्यावरची) असते, मध्यम (वर्षभर सारखी चालणारी सरासरी) नव्हे, आणि हा फरक नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 मिनिटांपर्यंत जातो. छपराची जागा शक्य तितकी नेमकी लावा. चंद्र जवळ असल्यामुळे त्याचं लंबन (बघायची जागा बदलली की त्याच्या दिसण्याच्या जागेत पडणारा फरक) मोठं असतं, एका शहरात तारा झाकला जातो आणि दुसऱ्यात नुसता कडेजवळून निघून जातो, तेव्हा गावाच्या नावावर भागत नाही. सुरुवात रोहिणीच्या काळोख्या कडेच्या पिधानापासून करा, शेजारी उन्नतांशाचा रकाना असलेलं एखादं निवडा. चंद्रग्रहणातली विवरं नंतर घ्या, त्यात मिनिटभर इकडेतिकडे झालं तरी घाबरायचं कारण नाही, ती सावलीच तशी आहे.